व्यवसाय, घर आणि सहजीवन : आगोटीपूर्वी मांडायचा वर्षाचा कागद

चिपळुणात सनदी लेखापाल म्हणून व्यवसाय करताना मला सर्वाधिक वेळा विचारला गेलेला प्रश्न कराविषयीचा नाही. ‘हे सगळे तुम्ही कसे जमवता?’ हा तो प्रश्न असून तो विचारणाऱ्या बहुधा स्त्रियाच असतात : नुकतीच सनद घेऊन आलेली वकील मुलगी, सरकारी रुग्णालयात रुजू झालेली डॉक्टर, बढतीबरोबर बदलीही येणार म्हणून धास्तावलेली बँक अधिकारी. माझ्या पतींना हा प्रश्न आजवर एकदाही कोणी विचारलेला नाही, एवढी नोंद करून मी पुढे जाते.

रोजच्या रोज सर्व काही जमवण्याचा हट्ट सोडला तेव्हापासून ते जमू लागले, हे माझे उत्तर आहे. रोजकीर्द रोज लिहायची असते, पण धंदा फायद्यात आहे की तोट्यात हे एका दिवसाच्या रोजकिर्दीवरून कोणी ठरवत नाही. तेरीज, म्हणजे सर्व खात्यांच्या नावे-जमा बाजूंची बेरीज, जुळवून आणि ताळेबंद मांडून ते वर्षाने ठरते. घराचेही तसेच धरावे. जुलैच्या शेवटच्या आठवड्यात मी चांगली आई नसते आणि गणपतीच्या पाच दिवसांत चांगली लेखापाल नसते. या दोन्ही गोष्टी घरात आणि कार्यालयात आधीपासून ठाऊक असल्या, तर त्यांची बोच कोणालाच फारशी लागत नाही. असा वर्षाचा कागद केव्हा व कसा मांडावा आणि त्यातून कोणती कलमे हटकून राहून जातात, ते पुढे लिहीत आहे.

दोन पंचांगे, एक कागद

कोकणात राहून व्यवसाय करणाऱ्या स्त्रीच्या घरात दोन वर्षे एकाच वेळी चालू असतात आणि ती नेमकी अडचणीच्या जागी एकमेकांवर येऊन आदळतात. माझेच उदाहरण घेते. मार्चअखेर आर्थिक वर्ष संपते आणि फाल्गुनात शिमगा असतो. गावात घरोघर फिरणारी पालखी कधी कधी होळी उलटून कितीतरी दिवसांनी आपल्या दारी येते. एप्रिलमध्ये बँकांच्या शाखांचे लेखापरीक्षण असते, त्याच सुमारास आंबा उतरू लागतो आणि परीक्षा संपलेल्या मुलांसह मुंबईचे पाहुणे येतात. मे महिना बेगमीचा. आमसुले, आंबापोळी, फणसपोळी, कुळीथ, सुकी मासळी, लाकूडफाटा हे सारे आगोटीच्या, म्हणजे पाऊस लागण्याच्या, आत घरात आले पाहिजे. जुलैमध्ये पगारदारांची विवरणपत्रे ३१ तारखेच्या आत भरायची असतात आणि त्याच महिन्यात भाताची लावणी असल्यामुळे आमच्या घरकामाच्या मावशी पंधरा दिवस शेतावर जातात. भाद्रपदात गणपती येतात आणि ३० सप्टेंबरला कर लेखापरीक्षणाच्या अहवालाची मुदत संपते. २०२६ मध्ये गणेशचतुर्थी १४ सप्टेंबरला आहे. म्हणजे पाच दिवसांचे गणपती विसर्जित करून कार्यालयात परतल्यावर हाताशी जेमतेम अकरा-बारा दिवस उरतात.

व्यवसाय बदलला की या आदळण्याच्या जागाही बदलतात. डॉक्टर स्त्रीसाठी लेप्टो, डेंग्यू आणि सर्पदंश घेऊन येणारा पावसाळा हा सर्वांत कठीण काळ असतो. शिक्षिकेसाठी फेब्रुवारी-मार्चच्या बोर्डाच्या परीक्षा असतात. वकील स्त्रीला मे महिन्यात न्यायालयाच्या सुटीमुळे थोडी उसंत मिळते. मालवण किंवा गणपतीपुळे येथे निवास-न्याहारी चालवणाऱ्या स्त्रीचा हंगाम दिवाळीपासून मेपर्यंत चालतो आणि तिची खरी सुटी पावसात असते, तर हापूसची बाग सांभाळणारीला मोहोर दिसू लागल्यापासून शेवटची पेटी जाईपर्यंत मान वर करायला सवड नसते. म्हणून दुसरीचा आराखडा उसना घेऊन उपयोग नाही. आपला कागद आपणच मांडावा लागतो.

तो मांडण्यासाठी मे महिन्याच्या मध्यावर, पाहुण्यांची पहिली लाट ओसरल्यानंतर, पतीपत्नींनी आणि घरात जी वडीलधारी माणसे असतील त्यांनी एकत्र बसावे. भल्यामोठ्या कागदावर जूनपासून पुढील मेपर्यंत बारा रकाने आखावेत. एका रंगाने दोघांच्या कामातील न हलणाऱ्या तारखा लिहाव्यात, दुसऱ्या रंगाने घरातील, आणि तिसऱ्या रंगाने फक्त आपल्या दोघांसाठी राखलेले दिवस. क्रमाविषयी माझा आग्रह असा आहे की तिसरा रंग सर्वांत आधी हाती घ्यावा. कार्यालयातील तारखेची आठवण करून देणारे खाते असते, सणाची आठवण करून देणारे नातेवाईक असतात. दोघांच्या दिवसाची मागणी करणारे तिसरे कोणी नसते, म्हणून मागाहून लिहायला गेले तर त्याला जागा उरत नाही.

तारखा लिहून झाल्या की कुठे काय आदळते ते दिसू लागते. तेथे तीनच मार्ग असतात : काम अलीकडे ओढणे, दुसऱ्याकडे सोपवणे, किंवा ते होणार नाही असे संबंधितांना आधीच सांगणे. तिसरा मार्ग आपल्याला सर्वाधिक जड जातो. मी दर वर्षी जूनअखेर सर्व अशिलांना लेखी कळवते की गणपतीच्या महिनाभर आधीपर्यंत ज्यांची कागदपत्रे पूर्ण येतील त्यांचेच लेखापरीक्षण सणाआधी होईल आणि चतुर्थीपासून पाच दिवस कार्यालय बंद राहील. पहिल्या वर्षी दोन अशील रागावून दुसरीकडे गेले. त्यांतील एक पुढच्या वर्षी परत आला आणि कागदपत्रेही वेळेवर घेऊन आला. आपल्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांच्या मासेमारीला बंदी असते, आणि त्या दोन महिन्यांत होड्या किनाऱ्यावर शाकारून ठेवलेल्या पाहून मच्छीमार आळशी झाले असे कोणी म्हणत नाही. आपल्या बंद दिवसांबद्दल आपणच ओशाळवाणे होण्याचे कारण मला दिसत नाही.

ज्या तारखा आपल्या हातातच नसतात, त्यांच्याविषयी वेगळी काळजी घ्यावी लागते. लग्नानंतर काही वर्षांनी एकदा पालखी सायंकाळी येणार म्हणून कळले होते, ती दुपारीच आली, आणि मी वर्षअखेरच्या कामात फोन बाजूला ठेवून बसले होते. सासूबाईंनी एकट्यानेच देवीची ओटी भरली. त्या मला काही बोलल्या नाहीत, हेच अधिक लागले. पुढील वर्षी मी पालखीचा मार्ग मानकऱ्यांकडून आधी समजून घेतला आणि आमच्या अलीकडच्या वाडीतील जावेला सांगून ठेवले की पालखी तुमच्या अंगणात टेकली की मला फोन करायचा. त्या फोननंतर घरी पोहोचायला मला पाऊण तास मिळतो आणि तो पुरतो.

कागदाच्या मागच्या बाजूस पावसाचे पान असावे. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचे पाणी शहरात शिरले तेव्हा मी एकीकडे, पती कारखान्यात, मुलगी व सासूबाई घरी अशी आमची फाटाफूट झालेली होती आणि फोन लागत नव्हते. त्यानंतर आम्ही लिहून ठेवले आहे की पाणी वाढू लागल्यास मुलीकडे कोण जाईल, कोणाच्या माडीवर थांबायचे, औषधे कोणत्या डब्यात आहेत आणि घाट बंद झाला तर घरी नसलेल्याने कोठे मुक्काम करायचा. अशिलांची कागदपत्रेही तेव्हापासून छायाप्रतींच्या रूपात शहराबाहेर साठवलेली असतात.

देण्याची बाजू

ताळेबंद जुळतो याचे कारण त्यात देणीही लिहिलेली असतात. घराच्या हिशेबात मात्र आपण फक्त मालमत्तेची बाजू मिरवतो : माझा व्यवसाय, माझी हुशार मुलगी, माझे टापटिपीचे घर. ही मालमत्ता कोणाच्या श्रमांवर उभी आहे ते कागदावर येत नाही आणि मग एके दिवशी ती देणी एकदम वसुलीला येतात.

म्हणून दुसरी यादी कामांची करावी, परंतु ‘काम कोण करते’ एवढेच विचारून थांबू नये. ‘ते कोणाच्या लक्षात असते’ हा रकाना अधिक महत्त्वाचा आहे. सिलिंडर संपत आल्याचे कोणाला कळते, भात गिरणीवर केव्हा द्यायचे, मुलीचा रेनकोट आखूड झाला आहे, सासूबाईंची रक्तदाबाची गोळी चार दिवसांत संपेल, वाडीतील कोणाकडे बारसे आहे. आमच्या घरी ही यादी प्रथम केली तेव्हा या रकान्याचे पहिले पान माझ्याच नावाने भरले. माझे पती कामाला मागे नव्हते; परंतु प्रत्येक काम त्यांना सांगावे लागत होते आणि ते सांगणे हेही एक कामच होते.

यावरचा उपाय असा की काम तुकड्याने न देता लक्षात ठेवण्यासकट संपूर्ण सोपवावे. आमच्याकडे ‘शाळा’ हे खाते पतींकडे गेले : फी, डबा, रोजनिशी, पालकसभा, गणवेश, सारे काही. आणि सोपवल्यावर तपासायला जाऊ नये, ही त्यातील सर्वांत अवघड अट आहे. पहिल्याच जूनमध्ये ते रेनकोट विसरले आणि मुलगी चिंब होऊन घरी आली. मी गप्प बसले. पावसाने मूल विरघळत नाही, आणि दुसऱ्या दिवशी रेनकोट दप्तराच्या वर बांधलेला होता. लेखापाल स्त्रियांना इतरांच्या हिशेबावर खुणा करण्याची सवय असते, त्यामुळे हे मौन मला बरेच महाग पडले, हे कबूल करते.

सासूबाईंचे देणे मी फार उशिरा लिहिले. मुलगी तान्ही असल्यापासून त्या तिला सांभाळत होत्या आणि ती व्यवस्था अशीच चालत राहील असे मी धरून चालले होते. एकदा त्यांच्या भजनी मंडळाचा कार्यक्रम आणि माझी लेखापरीक्षणाची तारीख एकत्र आली तेव्हा त्या म्हणाल्या, “अगं, तू मला विचारलंस कुठे कधी? मी घरी आहेच असं धरूनच चाललीस.” त्यात राग नव्हता, पण खोटेही काही नव्हते. आता सोमवार व गुरुवारची दुपार त्यांची असते, त्या वेळी मुलगी शेजारच्या निवृत्त शिक्षिकाबाईंकडे जाते आणि त्यांना आम्ही रीतसर पैसे देतो. शिवाय वर्षातून एकदा सासूबाई आपल्या बहिणीबरोबर नरसोबाच्या वाडीला जातात. ती तारीख कागदावर ३० सप्टेंबरच्या मुदतीइतकीच पक्की असते.

घरकामाच्या मावशींचा पगार मी मनात व्यवसायाच्या खर्चात धरते, कारण त्या आल्या नाहीत तर माझे कार्यालय उघडत नाही. महाराष्ट्रात घरेलू कामगारांच्या कल्याणकारी मंडळासाठी २००८ मध्ये कायदा झाला. पण आठवड्याची पगारी सुटी, लावणीची रजा, दिवाळीला एक पगार आणि वर्षातून एकदा वाढ या गोष्टींसाठी कायद्याची वाट पाहण्याची गरज नसते. मी माझे शुल्क वाढवते त्याच महिन्यात त्यांचा पगार वाढतो, एवढा साधा नियम ठेवला की घासाघीस करावी लागत नाही.

जी जवळ राहते तिच्यावर

आपल्याकडच्या यशस्वी स्त्रीची एक अडचण शहरातील लेखनात सहसा येत नाही. भावंडे मुंबई-पुण्याला आणि ही एकटी गावाजवळ, अशी स्थिती असली की आईवडील, सासूसासरे, रिकाम्या घराची कौले, कुळाशी बोलणे, तलाठ्याकडची फेरी, भावकीतील लग्नकार्ये, हे सारे आपोआप तिच्याकडे येते, कारण ‘तू काय, तिथेच तर आहेस’. जवळ राहणे म्हणजे रिकामे असणे, हा गैरसमज मोडून काढणे कठीण असते, आणि चाकरमानी भावंडे वाईट नसतात म्हणून ते अधिकच कठीण होते. त्यांना गावाकडचे वर्ष गणपतीच्या पाच आणि मे महिन्याच्या दहा दिवसांपुरतेच दिसते.

यासाठी गणपतीत सर्व भावंडे एकत्र असताना, आरतीनंतरच्या निवांत वेळी, वडिलधाऱ्यांच्या देखभालीचे काम सरळ वाटून घ्यावे. लांबून करता येण्यासारखी कामे पुष्कळ असतात. औषधे मागवणे, वीज आणि फोनची देयके भरणे, निवृत्तिवेतनासाठी नोव्हेंबरमधील हयातीचा दाखला मोबाइलवरून करून घेणे, आरोग्यविम्याचे दावे लिहिणे, रोज संध्याकाळी आईशी अर्धा तास बोलणे, ही कामे दादरला किंवा पिंपरीला बसूनही होतात. मुंबईच्या रुग्णालयातील तपासणी मुंबईच्या भावाने पार पाडावी. कोल्हापूर किंवा रत्नागिरीला न्यायचे असेल तर ते जवळच्या बहिणीने पाहावे. ज्याला यांतील काहीच शक्य नाही त्याने दरमहा ठरलेली रक्कम वेगळ्या खात्यात जमा करावी आणि त्या खात्याचा हिशेब सर्वांना दिसावा. पैसे पाठवल्याने सेवा होत नाही हे खरे असले, तरी सेवा करणारीनेच पैसेही घालावेत असा त्याचा अर्थ होत नाही.

याच बैठकांमध्ये एखादेवेळी हक्कसोडपत्राचा विषय अलगद पुढे येतो. त्या कागदावर सणाच्या घाईत सही करू नये. हिंदू वारसा कायद्यातील २००५ च्या दुरुस्तीने हिंदू एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क दिला आहे, आणि ती दुरुस्ती लागू झाली तेव्हा वडील हयात असणे आवश्यक नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केले. हक्क सोडायचा असेल तर तो समजून उमजून सोडावा. माहेर तुटेल या भीतीने सोडलेला हक्क माहेर टिकवतो, असे मी तरी पाहिलेले नाही.

रजा आणि पाळणाघर

याविषयी थोडक्यातच लिहिते, कारण नियम सरळ आहेत. प्रसूती लाभ कायद्यातील २०१७ च्या दुरुस्तीनंतर नोकरदार स्त्रीला पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची पगारी प्रसूती रजा मिळते आणि पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेने पाळणाघराची सोय करणे बंधनकारक आहे. माझ्यासारख्या स्वतःचा व्यवसाय करणाऱ्या स्त्रीला मात्र रजा देणारे कोणी नसते. तिने बाळाचा विचार सुरू झाल्यापासूनच सहा महिन्यांचा कार्यालयाचा खर्च बाजूला टाकावा आणि त्या काळात आपल्या अशिलांचे काम पाहील अशी एक विश्वासू सहव्यावसायिक मैत्रीण शोधून तिच्याशी शुल्काच्या वाटणीसह लेखी ठरवून घ्यावे. मी हे न केल्यामुळे बाळंतपणाच्या बाराव्या दिवशी खाटेवर बसून विवरणपत्रे तपासली होती, आणि त्याचे कौतुक ऐकण्याची मला आजही लाज वाटते.

दोघांचे दिवस

लग्नानंतरची पहिली सहा वर्षे माझे पती मुंबईत नोकरीला होते. कोकण रेल्वे १९९८ मध्ये पूर्ण मार्गावर सुरू झाली नसती तर आमचे सहजीवन कितपत टिकले असते, याची मला शंका आहे. ते शुक्रवारी रात्री कोकणकन्येने निघत, पहाटे चिपळूणला उतरत आणि रविवारी रात्री परत जात. मधल्या दोन दिवसांत आम्ही काय बोलत होतो हे आठवू गेले तर गळके कौल, पंपाची दुरुस्ती आणि कोणाच्या लग्नात किती आहेर करायचा एवढेच आठवते.

हे लक्षात आल्यावर आम्ही बोलण्याचेच दोन भाग केले. कामाचे सर्व काही व्हॉट्सॲपवर लिहून कळवायचे आणि रात्री दहाच्या फोनवर त्यांतील एकही विषय काढायचा नाही. प्रारंभी चार-सहा रात्री आम्हांला बोलायला विषयच सापडेना; ती शांतता सोसली की विषय हळूहळू सापडू लागतात. तसेच शनिवारी कोणाही पाहुण्याला बोलवायचे नाही आणि घरची दुरुस्ती रविवारी सकाळीच काढायची, असे ठरवले. दूर राहणाऱ्या जोडप्यांनी तिकिटांची शिस्तही पाळावी. १ नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेचे आगाऊ आरक्षण १२० ऐवजी ६० दिवस आधी उघडते, म्हणून वर्षाच्या कागदावर सणाच्या तारखेबरोबरच तिच्या साठ दिवस आधीची तारीखही लिहून ठेवावी, आणि पावसाळ्यात कोकण रेल्वेचे वेळापत्रक बदलते हे धरून सोमवारी सकाळी मुंबईत महत्त्वाची बैठक ठेवू नये.

पुढे त्यांनी लोट्याच्या औद्योगिक वसाहतीत, काहीशा कमी पगारावर, नोकरी घेतली. ‘बायकोसाठी मुंबई सोडली’ हे वाक्य गावात बरेच दिवस फिरत होते. याच जिल्ह्यातील मुरूडच्या धोंडो केशव कर्वे यांनी १८९३ मध्ये विधवा असलेल्या गोदूबाईंशी विवाह केला तेव्हा गावाने त्यांच्यावर बहिष्कार घातला होता. पुढे त्याच कर्व्यांनी १९१६ मध्ये महिलांचे विद्यापीठ स्थापन केले आणि १९५८ मध्ये ते भारतरत्न झाले. त्या मानाने आमच्या वाट्याला आलेले दोन-चार खोचक प्रश्न म्हणजे काहीच नव्हते. खरी काळजी घ्यायची ती वेगळ्याच गोष्टीची. ज्याने माघार घेतली त्याच्या माघारीची नोंद देण्याच्या बाजूस असावी, पण तिचा उल्लेख भांडणात हत्यार म्हणून होऊ नये. आमच्याकडे रविवारची सकाळ त्यांची असते. त्या वेळी ते खाडीवर गरवायला जातात आणि परत येईपर्यंत त्यांना कोणी कशासाठीही फोन करत नाही. मासे मिळाले की नाही, हेही कोणी विचारत नाही.

एका गावात राहू लागल्यावर नवीनच अडचण आली. लहान शहरात व्यावसायिक स्त्रीला एकांत मिळत नाही. गुहागरच्या किनाऱ्यावर आम्ही दोघे वाळूत बसलो असताना एका अशिलाने मला जीएसटीची नोटीस मोबाइलवर दाखवली होती. तेव्हापासून आमचा दिवस फेरीबोटीवर असतो. महिन्यातून एकदा धोपाव्याला गाडी बोटीत चढवून आम्ही दाभोळला उतरतो, चहा घेतो आणि पुढच्या फेरीने परत येतो. खाडी ओलांडायला फार वेळ लागत नाही, पण कठड्याशी उभे राहून वारा अंगावर घेताना हिशेबाचे बोलणे आपसूकच थांबते. ज्यांना हे शक्य नसेल त्यांनी आपली जागा शोधावी. ती खर्चिक असण्यापेक्षा ठरलेली असणे महत्त्वाचे आहे. मोठ्या घरात रात्रीचा एकांतही ठरवूनच मिळवावा लागतो. आठवड्यातील दोन रात्री मुलगी आजीजवळ झोपते, आणि ही व्यवस्था कोणी बोलून दाखवली नाही तरी सर्वांना मान्य असते. आणखी एक नियम आम्हांला उपयोगी पडला : मार्च, जुलै आणि सप्टेंबर यांच्या शेवटच्या आठवड्यात कोणत्याही मोठ्या निर्णयाची चर्चा करायची नाही, कारण त्या दिवसांतील माझे मत माझे नसते, माझ्या अपुऱ्या झोपेचे असते.

अविवाहित, विधवा किंवा घटस्फोटित स्त्रियांनी हा तिसरा रंग वगळावा असे मी म्हणणार नाही. मैत्रिणी, बहीण, किंवा पुन्हा जुळू पाहणारे एखादे नाते यांसाठीही तारखा आधी लिहाव्या लागतात. त्यांच्या बाबतीत तर आठवण करून देणारे घरातही कोणी नसते.

लग्न ठरण्यापूर्वी विचारायचे

माझ्याकडे कामाला असलेल्या तरुण मुलींना मी सांगते की पत्रिका आणि पगार यांखेरीज काही प्रश्न लग्न ठरवतानाच विचारावेत. माझा व्यवसाय कोणत्या गावात राहील आणि तुमची बदली झाली तर काय? घरातील वृद्धांकडे कोण राहील? माझे उत्पन्न तुमच्यापेक्षा अधिक झाले तर घरात ते सहज सांगता येईल का? आणि गणपती कोणाकडे? हा शेवटचा प्रश्न ऐकून मुंबईकर हसतील, परंतु चतुर्थी सासरी आणि माहेरी एकाच दिवशी येते आणि कोकणातील कितीतरी नव्या संसारांत पहिली ठिणगी तेथेच पडते. दीड, पाच, सात, अकरा अशा वेगवेगळ्या मुदतींचे गणपती असल्यामुळे यातून वाट निघते. सासरी पाच दिवसांचा आणि माहेरी अकरा दिवसांचा असेल तर प्रतिष्ठापना, गौरी आणि ओवसा (सुनेने गौरीला सुपातून वाण देण्याचा विधी) सासरी, त्यानंतरचे दिवस माहेरी, असे आम्ही लग्नाच्या याद्या झाल्या त्याच बैठकीत ठरवले होते. असे प्रश्न विचारणाऱ्या मुलीला उद्धट ठरवणारे घर तिच्या ३१ जुलैलाही समजून घेणार नाही, एवढे मात्र निश्चित.

मृत्युपत्र

हा विषय सर्वांत मागे राहतो. पैशाच्या बाबतीत आम्ही घरखर्चाचे संयुक्त खाते ठेवले असून त्यात दोघेही उत्पन्नाच्या समान प्रमाणात रक्कम टाकतो आणि उरलेले पैसे ज्याच्या त्याच्या खात्यात राहतात. पतीने मुदत विमा घेताना तो विवाहित स्त्रियांच्या संपत्तीविषयीच्या १८७४ च्या कायद्याखाली घ्यावा, म्हणजे पत्नी व मुलांसाठी असलेल्या त्या रकमेवर त्याच्या सावकारांना हात टाकता येत नाही.

परंतु स्वतः कमावणाऱ्या हिंदू स्त्रीने आपले मृत्युपत्र करणे याहूनही निकडीचे आहे. मृत्युपत्र न करता तिचे निधन झाले, तर १९५६ च्या वारसा कायद्यानुसार तिची स्वकष्टार्जित मिळकत प्रथम मुले व पती यांच्याकडे जाते; ते नसतील तर पतीच्या वारसांकडे; आणि त्यानंतरच तिच्या आईवडिलांचा क्रम लागतो. जिच्या आईने दागिने मोडून तिला शिकवले आणि जी आज त्या आईला सांभाळते, तिने हा क्रम एकदा शांतपणे वाचावा. बँकेत नामनिर्देशन केले की काम झाले, असे समजू नये. ज्याचे नाव लावले तो सर्वसाधारणपणे वारसांच्या वतीने रक्कम स्वीकारणारा असतो. मृत्युपत्र साध्या कागदावर चालते, मुद्रांक लागत नाही, नोंदणी सक्तीची नाही, दोन साक्षीदार मात्र लागतात आणि ज्यांना काही मिळणार आहे त्यांना साक्षीदार करू नये. मी माझे मृत्युपत्र जानेवारीत केले, कारण आमच्या कागदावर तो महिना रिकामा असतो.

यंदाच्या मे महिन्यातील बैठकीत दोन बदल झाले. मुलगी आता दहावीला जाणार असल्यामुळे तिनेही आपला एक रंग मागून घेतला आणि फेब्रुवारीपासूनच्या रकान्यांत पाहुण्यांना मनाई लिहिली. सासूबाईंनी कुळीथ आणि सांडगे विकत आणावेत असे स्वतःहून सुचवले आणि बेगमीतील दोन ओळी स्वतःच्या हाताने खोडल्या. कागद कपाटाच्या दाराला आतून चिकटवला आहे. कोपऱ्यात ६० दिवसांच्या आरक्षणाच्या तारखा आहेत आणि फेरीबोटीचा पहिला दिवस जूनच्या दुसऱ्या शनिवारी आहे, पाऊस बोट सोडू देईल तर.